हिराबाईचा बोल्ट

आमच्या नानांनी आयुष्यात साधं झुरळ मारलं नाही. ते खातं आईकडे होतं. झुरळ दिसलं की नाना पलंगावर पाय घेऊन बसत आणि "अगं, इकडे, इकडे" असं मार्गदर्शन करत. तरीही ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात लोखंडी कपाटामागे, आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेली एक जर्मन लष्करी बंदूक उभी असायची आणि तिचा परवाना नानांच्या नावावर होता. मूळची ती नानांच्या आत्याच्या यजमानांची. ते मुरबाडकडचे जंगलाचे ठेकेदार, शिकारीचे शौकीन. ते गेल्यावर त्यांच्या तिन्ही मुलांनी जमीन घेतली, भांडी घेतली, झोपाळासुद्धा घेतला, आणि बंदूक नको म्हणाले. मग अशा वेळी घराण्यात जो माणूस नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडे वस्तू जाते, तशी ती नानांकडे आली. तिची काडतुसं कुठे मिळतात हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मिळाली असती तरी त्यांनी ती हातात धरली नसती.

पण त्या बंदुकीने नानांना झपाटलं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर नटबोल्टांची चित्रं काढायची आणि वर त्यावर साहेबांची सही व्हायची. त्यामुळे ज्या गोष्टीत आपल्यापेक्षा वरचा कुणी नाही अशी एखादी गोष्ट त्यांना हवीच होती. कुठून कुठून जुनी इंग्रजी पुस्तकं आणून त्यांनी जर्मन बंदुकांचा अभ्यास केला. कुठल्या कारखान्याचा छाप कसा, बादशहाचा मुकुट कुठे ठोकलेला असतो, लाकूड अक्रोडाचं की दुसरं, सगळं पाठ. दुसरी बंदूक घेण्याइतका पगार नव्हता आणि तेवढं धाडसही नव्हतं, म्हणून नाना दुसऱ्यांच्या बंदुका वहीत गोळा करू लागले. ठाण्या-कल्याणच्या आसपास जुन्या शिकाऱ्यांच्या, माजी सैनिकांच्या, जमीनदारांच्या घरी अशा बंदुका पडून असत. कुणाकडे आहे असं कळलं की रविवारी सकाळी नाना स्कूटर काढत आणि मागे मला बसवत. मी तेव्हा नववीत होते. माझ्याकडे भिंग, मोजपट्टी आणि वही. वहीत स्टेन्सिलने लिहिल्यासारख्या नानांच्या अक्षरात रकाने आखलेले: मालक, घडण, लाकूड, नंबर, दोष, शेरा.

नंबरांचं प्रकरण थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरून झाला. त्या जर्मन लोकांनी प्रत्येक बंदुकीच्या अंगावर एक नंबर ठोकलेला असतो आणि तोच नंबर तिच्या नळीवर, लाकडावर, बोल्टवरही असतो. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा पुढेमागे सरकणारा लोखंडी दांडा. त्याला एका बाजूने गोळा असलेली मूठ असते, आणि तो हाताने सहज बाहेर काढता येतो. सगळे नंबर एक असले तर बंदूक अस्सल. एखादा वेगळा निघाला तर कुणीतरी दोन-तीन बंदुकांचे तुकडे एकत्र करून ती उभी केली. नाना अशा बंदुकीला "खिचडी" म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे ते आईच्या सोड्यांच्या खिचडीनेही कधी पसरलं नाही.

लोक बिचारे आशेने बसलेले असत. आंबिवलीला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पांढरं धोतर नेसून, चौरंगावर मखमल घालून बंदूक मांडली होती. नानांनी तिच्याकडे पाऊण तास पाहिलं, मग म्हणाले, "नळी एकीची, लाकूड दुसरीचं, आणि हा स्क्रू तर सायकलचा आहे." एवढं बोलून त्यांनी दुसरा कप चहा मागितला. शहाडला एका घरी आजोबांच्या फोटोखाली टांगलेली बंदूक पाहून "ही जर्मनीत कधी गेलेलीच नाही" असं घरच्या नव्या जावयासमोर सांगितलं. तिथे आम्हाला पाणीसुद्धा मिळालं नाही. परतताना नाना स्कूटरवर शीळ घालत होते. मी मागे बसून हसत होते, हे कबूल करते. दुसऱ्याच्या आजोबांची फजिती ऐकायला फार मजा येते आणि चौदाव्या वर्षी तर ती पुरवून पुरवून आठवता येते.

आमच्या घरची बंदूक मात्र निर्दोष. दसऱ्याला तिची पूजा असे. सकाळपासून घरात बिरड्याचा वास, आई नारळ खवत बसलेली, आणि बाहेरच्या खोलीत पाटावर बंदूक आडवी. नानांचा नियम असा की तिला हळदकुंकू लांबूनच वाहायचं, लोखंडाला लागता कामा नये, आणि घासायचं तर मुळीच नाही. "घासलेली बंदूक म्हणजे शेंदूर खरवडलेला मारुती," असं ते म्हणत. फक्त तेलाचं बोट. त्यामुळे आमच्या बंदुकीचं लोखंड काळपट, निस्तेज, तव्याच्या पाठीसारखं दिसे. पूजा झाली की नंबर वाचण्याचा विधी. नाना भिंग न घेता, चष्मा न लावता एकेका भागावर बोट ठेवत आणि मी मोठ्याने म्हणायची: "अंगावर चार चार एक सात. नळीवर चार चार एक सात. बोल्टवर चार चार एक सात." आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आणि वरणात मीठ घातलंय का नाही, ते कोण वाचणार?" नानांना जवळचं दिसत नव्हतं. चाळिशी लागून बरीच वर्षं झालेली होती, पण चष्मा खिशात. पारख्याने चष्मा लावला तर लोकांचा विश्वास उडतो, अशी त्यांची समजूत. ते म्हणत, "मला डोळ्यांची गरज नाही. माझ्या बंदुकीचा कुठलाही भाग अंधारात हातात द्या, मी ओळखीन." आता मला वाटतं, घरातल्या कुणीतरी एकदा खरंच अंधार करून बघायला हवं होतं.

आमच्या सीकेपी घरात देवापेक्षा मासळीवालीची वाट जास्त पाहिली जाते. आमची मासळीवाली हिराबाई. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीची, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती टोपली उतरवून दारात बसली की आई पदर खोचून समोर बसे आणि दोघींचं तासभर चाले. भाव कमी, बाकीचंच जास्त. नानांशी मात्र तिचा उभा दावा होता, आणि त्याचं कारण म्हणजे हिराबाईच्या घरीही एक जर्मन बंदूक होती. तिचा सासरा पहिल्या महायुद्धात बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि येताना ती घेऊन आला, असं सगळा कोळीवाडा सांगे. त्या बंदुकीमुळे तिच्या घराला नारळी पौर्णिमेचा मान होता. मिरवणुकीत सोनेरी कागद लावलेल्या नारळापुढे बंदूक खांद्यावर घेऊन चालायचं. पोलिसांची अट म्हणून बोल्ट काढलेला असे, आणि तो बोल्ट नारळाच्याच ताटात, फुलांत ठेवलेला. नवरा गेल्यापासून हा मान हिराबाई स्वतः चालवत होती. बाईने बंदूक खांद्यावर घ्यावी हे तिच्या धाकट्या दिराला, काशिनाथला, मुळीच पसंत नव्हतं. मान आपल्याकडे यावा अशी त्याची फार इच्छा होती.

नानांनी तिला कितीदा तरी म्हटलं असेल, "हिराबाई, एकदा येऊन तुमची बंदूक बघतो. खरी की खोटी सांगतो." ती टोपलीतला पापलेट उलटा करून म्हणायची, "नाना, परवा तुमी शिलं म्हावरं ताजं बोलून नेलं. आदी त्ये वळखायला शिका, मंग बंदूक दावते." त्यामुळे उभ्या ठाण्यात नानांच्या वहीत नसलेली ती एकच बंदूक होती. तिच्यासाठी वहीत एक पान कोरं सोडलेलं होतं.

निवडणुका लागल्या की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. त्या वर्षीही केल्या. आमच्या पोलीस ठाण्यात एक हवालदार होते. त्यांची स्वतःची पद्धत अशी की बोल्टवाल्या बंदुकांचे बोल्ट काढून एका बिस्किटांच्या डब्यात वेगळे ठेवायचे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून. म्हणजे कुणी बंदूक पळवली तरी उडवता येणार नाही. युक्ती चांगली होती. फक्त डब्याला झाकण बसत नव्हतं आणि उंदरांना चिठ्ठ्यांचा कागद आवडला. निकाल लागल्यावर आम्ही बंदूक आणायला गेलो तेव्हा डब्यात चार बोल्ट आणि दोऱ्याचे तुकडे शिल्लक होते. रांगेत आमच्या मागे हिराबाई उभी.

"चिठ्ठ्या गेल्या, साहेब," हवालदार म्हणाले. "रजिस्टरला फक्त बंदुकीचा नंबर आहे, बोल्टचा नाही. आपापला ओळखून घ्या ना." बोल्टवरही बंदुकीचाच नंबर असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हिराबाईला वाचता येत नव्हतं.

इतक्या लोकांसमोर ओळखून घ्या म्हटल्यावर नाना फुलले. मी भिंग पुढे केलं. त्यांनी ते माझ्या हातासकट बाजूला सारलं, डब्यात हात घातला, डोळे मिटले, एकेक बोल्ट उचलून तळहातावर तोलला आणि त्यातला सगळ्यात चकचकीत बोल्ट वर काढला. "हा आमचा. निगा राखली की असं दिसतं."

आमचा बोल्ट तव्याच्या पाठीसारखा काळपट होता, हे मला माहीत होतं. तरी मी भिंग परत पिशवीत टाकलं. नाना चुकू शकतात हे तोपर्यंत घरात फक्त आईला माहीत होतं.

हिराबाई पुढे आली. "नाना, थांबा. त्यो माजा हाय. मी चिंच नि राख लावून घासते त्याला दरसाल. आनि त्याच्या गोल्याला खालून खलगा हाय. हात लावून बगा."

"अहो, जुन्या सगळ्याच बोल्टना खळगे असतात," नाना म्हणाले. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तो काळा आहे ना, तो तुमचा. खाडीच्या हवेने काळा पडलाय."

"मना माजी वस्तू कलत नाय?"

"मावशी, साहेब तज्ज्ञ आहेत," हवालदार म्हणाले. "पेपरात नाव आलंय त्यांचं. चला, घ्या लवकर, मागे लोक आहेत." पेपरात नाव आलेलं होतं हे खरं. वाचकांच्या पत्रव्यवहारात, गटारांविषयी.

हिराबाईने तो काळा बोल्ट उचलला, पदरात बांधला आणि नानांकडे एकदा नीट बघून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या दारात आली नाही.

चूक नानांना आठवड्याच्या आत कळली असणार. एका संध्याकाळी ते चष्मा लावून, बोल्ट हातात घेऊन, मोरीच्या दिव्याखाली बराच वेळ उभे होते. मला वाटलं, तेलाचं बोट लावतायत. त्या वेळी फक्त एवढंच करायचं होतं की बोल्ट पिशवीत घालून कोळीवाड्यात जायचं, "हिराबाई, चुकलं" म्हणायचं, आणि येताना ताजे बोंबील आणायचे. स्कूटरवर दहा मिनिटांचं काम. पण उभ्या ठाण्याला खिचडी म्हणणाऱ्या माणसाला, एका मासळीवालीला हाताने कळलं ते आपल्याला कळलं नाही, असं तिच्या अंगणात जाऊन सांगायचं होतं. ती दहा मिनिटं नानांना जमली नाहीत. हिराबाई दोनदा घरी येऊन गेली. दोन्ही वेळा नाना आतल्या खोलीत होते आणि आईने "बाहेर गेलेत" असं सांगितलं. दुसऱ्यांदा हिराबाई म्हणाली, "भायेर गेलेल्याची चप्पल हितंच हाय, वहिनी." आईने मान खाली घातली आणि चहा टाकला. हिराबाई चहा न घेता गेली. त्या रात्री जेवायला वांग्याची भाजी होती, त्यानंतरही वांग्याचीच, आणि आई नानांशी बोलताना माझ्यामार्फत बोलू लागली.

मग श्रावण लागला. नारळी पौर्णिमेला आठ-दहा दिवस असताना कोळीवाड्यातून निरोप आला. काशिनाथने पंचांसमोर तक्रार केली होती की वहिनीची बंदूक भंगारातून जोडलेली आहे, अंगावर एक नंबर नि बोल्टवर भलताच. अशा बंदुकीला कसला मान? तो कारखान्यात कामाला होता, वाचता येत होतं, आणि नंबर जुळले पाहिजेत हे ज्ञान त्याला मिळालं होतं ते नानांनीच चहाच्या टपरीवर वाटलेल्या फुकट ज्ञानातून. पंचांनी ठरवलं, पारखी माणूस बोलवा. नाना तब्येत ठीक नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, पण निरोप्या पुढे म्हणाला, "हिराबाईच बोल्ली, नानांनाच आना." नाही म्हणावं तर संशय. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

हिराबाईचं अंगण शेणाने सारवलेलं होतं. कडेला जाळी वाळत घातलेली, सुकटाचा वास, आणि घोंगडीवर पाच-सहा म्हातारे. मधोमध जोमा पाटील, पंचांतले सगळ्यात वयस्कर. बंदूक पाटावर, तिच्याशेजारी तो काळा बोल्ट. हिराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिने आम्हाला "या" म्हटलं नाही. माझ्याकडे बघून मात्र हसली.

नानांनी खिशातून चष्मा काढला आणि लावला. चारचौघांत चष्मा लावलेले नाना मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी बंदूक उलटसुलट केली, मुकुटाचे छाप पाहिले. घसा खाकरून म्हणाले, "अंगावर दोन शून्य नऊ सहा. नळीवर तोच. लाकडावर तोच. मुकुट बरोबर आहेत. त्या युद्धातलीच आहे." घोंगडीवर कुजबूज झाली. मग त्यांनी बोल्ट उचलला, पाहिल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. "बोल्ट मात्र जुळत नाही. अशा बंदुकीला आम्ही," त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला, "खिचडी म्हणतो."

"आयकलं?" काशिनाथ उठलाच. "मी काय सांगत व्हतो?"

हिराबाईने आवाज चढवला नाही. "मंग कुनाच्या बंदुकीचा हाय त्यो, नाना?"

"ते कसं सांगणार? शेकडो बंदुका असतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही गं. बोल्ट विजोड."

वही माझ्या मांडीवर, ते कोरं पान उघडलेलं. नानांनीच मला शिकवलं होतं की नंबर लिहिताना स्वतः भिंगातून पाहून लिहायचा, ऐकून नाही. मी बोल्ट उचलला, मुठीच्या मुळाशी भिंग धरलं आणि दसऱ्याला म्हणते तसं मोठ्याने म्हटलं, "बोल्टवर चार चार एक सात." म्हणून झाल्यावर मग मला कळलं की मी काय म्हटलं. "नाना, हा तर आपला."

पुढे अनेकांनी मला त्या धैर्याबद्दल शाबासकी दिली. धैर्य वगैरे काही नव्हतं. वर्गात उत्तर येतं म्हणून हात वर करणाऱ्या मुलीने हात वर केला, इतकंच. परिणामाचा विचार केला असता तर मी नक्की गप्प बसले असते. शेवटी नानांचीच मुलगी.

"गप्प बस," नाना म्हणाले.

"पोरीला गप काय करता?" जोमा पाटील म्हणाले. "बाय, तुमच्या घरचा बोल्ट घेऊन ये जा. नानासाब बसतील हितं."

मी काशिनाथच्याच सायकलवरून घरी आले. आईला सगळं सांगायलाही लागलं नाही. तिने पिठाच्या डब्यामागे हात घातला, नानांनी लपवलेला, पंच्यात गुंडाळलेला बोल्ट काढला आणि माझ्या हातात दिला. "कधीची वाट बघत होते, कुणीतरी न्यायला येईल म्हणून," ती म्हणाली. मी फाटकाशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "सुकट मिळाली तर बघ हं."

जोमा पाटलांनी बोल्टवरचा पंचा सोडला, भिंग मागून घेतलं आणि बोल्ट उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "ह्याच्यावर पन चार चार एक सात."

मी पाहिलं. खरंच होतं. फक्त आकडे नवेकोरे, काठ धारदार, आणि त्यांच्याखाली लोखंड कानशीने घासून सपाट केलेलं. मोरीच्या दिव्याखाली नुसतं तेलाचं बोट चाललेलं नव्हतं तर. कारखान्याच्या टूलरूममध्ये आकड्यांचे ठसे असतात, एकेक आकडा ठेवून हातोडी मारायची. आमची बंदूक पुन्हा निर्दोष करण्यासाठी नानांनी हिराबाईचा नंबर खोडून त्यावर आमचा ठोकला होता.

काशिनाथ टाळी वाजवून हसला. "म्हंजे दोनी बोल्ट यांचेच! वहिनीचा नव्हताच कदी. झाला ना निकाल?"

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. त्याचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. हिराबाईच्या बोल्टवर हिराबाईचं आता काहीच उरलं नव्हतं. ती चौकट सोडून पुढे आली, पण बोल्टला हात लावला नाही. नजर नानांवर ठेवून म्हणाली, "पाटील, गोल्याच्या खालून बोट फिरवा. करंगलीचं टोक बसंल येवडा खलगा हाय. माज्या घोवानं गंजलेला बोल्ट सोडवाया हातोडी मारली व्हती, लग्नाच्या सालाला. मी लई भांडले व्हते."

पाटलांनी करंगळी फिरवली आणि मान हलवली. "हाय."

"तिनं ठान्यात बगितला असंल," काशिनाथ म्हणाला. "नंबर काय बोलतो ते सांगा. साहेब, तुमी सांगा. तुमी जानकार."

आता सगळे नानांकडे बघत होते. त्यांनी फक्त मान डोलावायची होती. हिराबाईचा मान काशिनाथकडे गेला असता, आमची बंदूक अस्सल राहिली असती, आणि "पेपरात नाव आलेला माणूस" घरी जाऊन वांग्याची भाजी जेवला असता. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो चष्म्याच्या काडीवर होता. मला त्यांची लाज वाटत होती आणि त्यांना तिथून उचलून घरी न्यावंसंही वाटत होतं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चकचकीत बोल्ट हिराबाईंचा आहे," ते म्हणाले. "ठाण्यातून मी चुकून उचलला. त्या सांगत होत्या, मी ऐकलं नाही. त्यांचा नंबर कानशीने घासून त्यावर आमचा मी ठोकला. बंदूक अस्सल आहे. खिचडी नाही."

एवढी वर्षं मी त्यांच्यामागे वही घेऊन फिरले, त्यांनी केलेली ही एकच पारख मला पूर्ण पटली.

कुणी आरडाओरडा केला नाही. जोमा पाटील खाली थुंकले, बस्स. काशिनाथने सायकल घेतली आणि गेला. हिराबाईने आपला बोल्ट पदराने पुसला, खळग्यावरून अंगठा फिरवला, आणि आमचा काळा बोल्ट माझ्या हातात दिला. नानांना म्हणाली, "माज्या सासऱ्याचा नंबर व्हता त्यो. आता कुठून आनू?" आम्ही उठलो तेव्हा मागून तिचा आवाज आला, "चष्मा लावत जा, नाना." चार दिवसांनी ती आमच्या दारात टोपली घेऊन आली. आईसाठी आली, हे तिने दारातच स्पष्ट केलं. नारळी पौर्णिमेला तिने बंदूक खांद्यावर घेतली, ताटात नारळाशेजारी तिचा बोल्ट होता. नाना खाडीच्या कट्ट्यावर गर्दीच्या मागे उभे होते, चष्मा लावून. पुढे आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो तरी दरवर्षी त्या दिवशी ते ठाण्याला जात. काय बघायला जातात हे मी कधी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या बंदुका बघायला मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी जुन्या शस्त्रांचा एक संग्राहक डोंबिवलीच्या घरी आला होता. तरुण, हातांत पांढरे हातमोजे, गळ्यात दिव्याचं भिंग. त्याने आमची बंदूक तपासली आणि अगदी हरखून गेला. "सगळे नंबर जुळतात! मूळ बोल्टसकट! काकू, इतकी अस्सल मी बघितलेली नाही. ठाण्याला कोळीवाड्यात एका मुलीकडे आहे, आजीची. बाकी उत्तम, पण बोल्टवरचा नंबर बनावट. कुणीतरी अडाण्याने घासून नवा ठोकलाय, वाट लावलीय." तो बनावट नंबर आणि आमच्या बंदुकीचा नंबर एकच आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मी कपाटातून नानांची वही काढली आणि ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. मी अर्धवट सोडलेलं ते पान नानांनी नंतर कधीतरी स्वतः पूर्ण केलं होतं, त्याच स्टेन्सिलसारख्या अक्षरात. मालक: हिराबाई. घडण: अस्सल. दोष: बोल्टवरील नंबर खोडलेला. आणि त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात खोडणाऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

त्या तरुणाने ते दोनदा वाचलं. "हे कोण, काकू?"

"ज्यांची बंदूक तुम्ही आत्ता अस्सल ठरवलीत, ते," मी म्हटलं.